रविराजला उचलायला

शिराळा,
१४ ऑगस्ट २०२४

चि. अजीमला अब्बाचा सलाम-दुवा.

आमी समदी खुशाल हाय. नागपंचमी झाली, गर्दी पांगली, आता दुकानात गाद्या भरायला टाइम मिळतोय. तुझ्या अम्मीचा गुडघा धरलाय, तरी माळ्यावर चढायची थांबत न्हाई. माझे कान तर पार गेले. फोनवर तू काय बोलतोस ते तुझी बहीण नूरीन मला वरडून सांगती आन् आधी गल्लीला कळतं. म्हणून लिवतोय. तू बी लिवत जा.

नूरीननं मोबाइलवर तुझ्या पुढच्या लढतीचं चित्र दाखवलं. एकीकडं तू, एकीकडं रविराज. मला वाटलं तुमचा जुना फोटू हाय. मग कळलं की लढत तुमच्या दोघांतच हाय. आरं, आकारामनं आपलं ह्ये बारा वर्सांचं पोरगं दहिवडीहून आणून माझ्या तालमीत सोडलं. सहा वर्सं ते आपल्या घरात जेवलं. तुझी अम्मी त्याला भाकरी आधी वाढायची आन् तू रुसायचास.

कुस्तीत पाठ लागली की संपलं. उठायचं, हात मिळवायचा. तुमच्या त्या एमएमएच्या पिंजऱ्यात माणूस पडला की खरी मारामारी चालू हुती. पडलेल्याला मारायचं मी तुमा दोघांना कवा शिकवलं न्हाई. ही लढत सोड. दुसरा गडी बघ.

पत्राची वाट बघतोय, उशीर करू नगंस.
तुझा अब्बा,
चांदसाहेब


पाचगणी,
२५ ऑगस्ट २०२४

ती. अब्बांना आणि अम्मीला सलाम.

पत्र मिळालं. इथं सरावाचा कॅम्प चांगला चाललाय. सकाळी टेबललँडवर धावतो. समोरून मी आलो की फिरायला आलेली माणसं घोड्याला वाट द्यावी तशी बाजूला होतात. अम्मीला सांगा, दिवसाला अठरा अंडी खातो, तरी तिच्या हातच्या कालवणाची आठवण येते.

अब्बा, दुसरा गडी कुठून आणू? आमचा हेवीवेट गट, म्हणजे त्र्याण्णव किलोच्या वर, एकशे वीसपर्यंत. एवढ्या वजनाचे तयार लढणारे आपल्याकडं आहेतच किती? मागच्या वर्षी दोनदा माझी लढत ठरली आणि समोर कुणी मिळालं नाही म्हणून रद्द झाली. मी बत्तीसचा झालो. नऊ लढलो, सात जिंकलो. ही जो जिंकेल त्याला अबूधाबीचं बोलावणं आहे. पुन्हा अशी संधी यायची नाही.

रविराजचाच फोन आला होता. म्हणाला, कुणाचा तरी मार खायचाच, तर घरच्याचा खाऊ. म्हणाला, जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला घेऊन शिराळ्याला जायचं आणि वस्तादांच्या शिव्या अर्ध्या-अर्ध्या वाटून घ्यायच्या. पंच असतो, अब्बा. तो वेळेवर थांबवतो.

रागावलात तरी दुवा द्या.
आपला,
अजीम


पुणे,
६ ऑक्टोबर २०२४

ती. अब्बांना सलाम.

हे पत्र अम्मीला वाचून दाखवू नका.

मी जिंकलो. दुसऱ्या फेरीत. रविराज आपल्या पायानं बाहेर आला, रात्री आम्ही एका ताटात जेवलो. सकाळी त्याला उलट्या झाल्या, मग बोलताना शब्द सापडेनात. डोक्यात रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन केलं. आज आठवा दिवस, डोळे उघडलेले नाहीत. आकारामकाका आणि हरणाकाकी दवाखान्याच्या बाकावर बसून आहेत. मी समोर गेलो की काकी तोंडावर पदर घेतात.

सगळे म्हणतात, नियमात होतं. होतं. पण एक गोष्ट फक्त तुम्हाला लिहितो. तो पडल्यावर मी चार ठोसे मारले. पहिल्याच ठोशाला त्याचे हात सैल पडले, ते मला कळलं. सहा वर्षं त्याच्याशी झोंबलोय, त्याचं अंग मला कळतं. पंच अजून पोचला नव्हता. मी आणखी तीन मारले.

अजीम


दहिवडी,
१९ जानेवारी २०२५

ती. वस्तादकाकांना सा. न. वि. वि.

मी पल्लवी, रविराजची धाकटी बहीण. दादाला घरी आणून दीड महिना झाला. डोळे उघडतो. ओळखतो असं आईला वाटतं, मला नक्की सांगता येत नाही. बोलणं गेलं, उजवी बाजू गेली. वजन मात्र एकशे सोळा किलो. दर दोन तासांनी कुशीवर वळवायला सांगितलंय, नाहीतर पाठीला जखमा होतात. आबा सदुसष्टचे, पहिल्याच आठवड्यात त्यांची कंबर धरली. गल्लीतले तरणे पुरुष सगळे मुंबईला. मी आणि आई खालची चादर धरून ओढत होतो.

मागच्या महिन्यात अजीमदादा आला. आईनं दार लावून घेतलं. तो मेंढवाड्यापाशी बसून राहिला, तीन दिवस. शेजारचे म्हातारे केरबाअण्णा त्याला भाकरी द्यायचे. चौथ्या दिवशी सकाळी दादा खाटेवरून घसरून पडला. आम्ही तिघांनी जोर लावला, हलेना. शेवटी आईच बाहेर गेली आणि आत ये म्हणाली. त्यानं एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली घालून दादाला उचललं, खाटेवर ठेवलं आणि पुन्हा बाहेर जाऊन बसला.

आता तो ओसरीत राहतो. दादाला अंघोळ घालतो, वळवतो, उन्हात नेऊन बसवतो. आई त्याला नावानं हाक मारत नाही. वळवायची वेळ झाली की तांब्या वाजवते. शेळ्या त्याला बघून दावी तोडतात, घरात हसायला तेवढंच एक निमित्त. अबूधाबीहून त्याला दोनदा फोन आले, तेव्हापासून फोन बंद करून ठेवलाय. काका, त्याला राहू देऊ की जा म्हणू? त्याच्यावाचून भागत नाही आणि त्याच्याकडं बघवतही नाही.

काकींना नमस्कार. उत्तर जरूर धाडा.
आपली,
पल्लवी


शिराळा,
२ फेब्रुवारी २०२५

चि. अजीमला अब्बाचा सलाम-दुवा.

पल्लवीचं पत्र आलं. तिलाही वेगळं लिवलंय. तुझ्या अम्मीला समदं सांगितलं. दोन दिवस जेवली न्हाई. तिसऱ्या दिवशी म्हणाली, रविराजला मऊ गादी भरून द्या. सावरीच्या कापसाची भरलीय, एसटीनं येईल, सोडवून घे.

तुझं ऑक्टोबरचं पत्र मी कैकदा वाचलं. तुला लय बोलायचं मनात हुतं. पण तू पहिली लढत जिंकलास तवा पेढं मीच वाटलं. तवाही समोरचं पोरगं पडल्यालंच हुतं. ते कुणाचं, मी इचारलं न्हाई.

तिथं माफी मिळवायला बसू नगंस. हरणाबाईनं द्यावी, न द्यावी, ते तिचं. अल्लानं तुला अंग दिलंय, ते तिथं लागतंय तवर थांब. कोमट तेलानं टाचेपास्नं वर चोळ, उजव्या बाजूला जास्त. आन् त्याच्याशी बोलत जा. ऐकू येत नसलं तरी समोरचं तोंड हललेलं बरं वाटतं, हे मला ठावं हाय.

अम्मी वाट बघती, पण घाई न्हाई.
तुझा अब्बा


दहिवडी,
१६ सप्टेंबर २०२५

ती. अब्बांना आणि अम्मीला सलाम.

रविराज आता एकाहत्तर किलोचा झालाय. डॉक्टर म्हणाले, पडून राहिलं की अंग असंच उतरतं. परवा सकाळी मी शेळ्यांना पाणी पाजून आलो, तर आकारामकाकांनी एकट्यानं त्याला खाटेवरून खुर्चीत बसवलं होतं. काका खुशीत होते. म्हणाले, बघ, मला जमलं. मी हो म्हणालो आणि मेंढवाड्यामागं जाऊन रडलो.

त्या दुपारी काकी ओसरीत माझ्याजवळ येऊन बसल्या. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. त्यांनी विचारलं, पडल्यावर तो काय बोलला का. नाही म्हणून भागलं असतं. पण तुम्हाला लिहिलं होतं ते सगळं मी त्यांना सांगितलं. हात सैल पडले ते, मला कळलं ते, पुढचे तीन. का मारलंस, त्यांनी विचारलं. जिंकायचं होतं, मी म्हणालो. त्या सुपात ज्वारी निवडत होत्या. हात थांबले नाहीत. निवडून झाल्यावर सूप झटकून बाजूला ठेवलं.

मग म्हणाल्या, अजीम, आता तू जा. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. म्हणाल्या, आता आमचं आमाला उचलतंय. तिकडं तुझी आई बी वाट बघत आसंल. तिला तरी तिचं पोरगं चालतं-फिरतं बघू दे.

आज रविराजला अंघोळ घातली, दाढी केली, गादी उन्हात टाकून परत अंथरली. निघतो म्हणालो. त्यानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. ओळखलं की नाही, मलाही सांगता येत नाही.

उद्या पहिल्या गाडीनं निघतो, पुण्यातलं सामान आवरून आठवड्यानं घरी पोचेन. स्टँडवर कुणी न्यायला येऊ नका. अम्मीला दारात उभी राहायला सांगा, मी चालत येईन.

पूर्वीची माया थोडी उरली असेल तर राहू द्या.
आपला,
अजीम