कमरेवरची नागीण

आई, तुझ्या कमरेवर उठली होती तशीच नागीण आता मला उठली आहे. उजव्या बाजूला, बेंबीपासून पाठीच्या कण्यापर्यंत. आधी नुसती आग होत होती, मग पाण्याने भरलेले फोड आले. सदरा टेकला तरी कुणी निखारा फिरवतंय असं वाटतं.

तुझं ते आजारपण मला अजून दिसतं. मी कॉलेजात आहे. कोंडाणे गावातल्या घरी तू पडवीत बसली आहेस, वाटीत गेरू कालवलेला आहे, आणि नागीण उतरवणारा म्हातारा पुटपुटत फोडांच्या पुढे लाल रेघ ओढतो आहे, तिचं तोंड शेपटीला मिळू नये म्हणून. मिळालं की माणूस गेलं, असं सगळेच सांगत. "बघ रं, मिळालं का?" दिवसभर तू मला विचारायचीस. कर्जतला डॉक्टरकडे नेतो म्हणालो, तर माझ्यावरच उखडलीस. "सुई टोचली की कोपंल ती. चार बुकं वाचलीस म्हणून लय शाना झालास काय?" तोंड मिळालं नाही, फोड सुकले, म्हाताऱ्याला नारळ मिळाला. आग मात्र गेली नाही. मरेपर्यंत तुला परकराची नाडी कमरेला सहन झाली नाही. त्या रागावर मी आयुष्यभर भाषणं केली. हा नसांचा आजार आहे, कांजिण्यांचा विषाणू अंगात दडून बसतो आणि वय वाढलं की उठतो, गेरू फेका आणि पहिल्या दोन-तीन दिवसांतच औषध घ्या, असं गावोगाव ओरडून सांगितलं.

मी घेतलंही. भिसेगावच्या डॉक्टरीणबाईंनी विषाणूवरच्या गोळ्या दिल्या आणि नसांच्या दुखण्यासाठी वेगळी कॅप्सूल. म्हणाल्या, "हिने गरगरेल, झोप येईल. पण दुखणं अंगावर काढू नका, काका. फोड गेले तरी ते मागे राहू शकतं." कॅप्सूलने आग खरंच निवली. मग खोपोलीच्या सभेत उभा राहिलो आणि 'विवेक' हा शब्दच सापडेना. ज्याच्यावर माझं अख्खं बोलणं उभं, तोच. पुढच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, "भाऊ, पाणी घ्या." कुणी हसलं नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. घरी येऊन कॅप्सूल बंद केली, कुणाला न सांगता. आग परतली, आधीपेक्षा खोल.

आज सकाळी गादी उचलताना न घेतलेल्या कॅप्सूल तुझ्या सुनेच्या हाती लागल्या.

"अहो, त्या म्हाताऱ्याला जन्मभर शिव्या घातल्यात. सासूबाई निदान नागिणीला भ्याल्या. तुम्ही कशाला भ्यालात?"

"सभेला."

"मग काय, आग होते म्हणून सदरा काढून उभे राहणार सभेत?"

तिने तिथल्या तिथे डॉक्टरीणबाईंना फोन लावला. डोस कमी करू, पण मनाने बंद करायची नाही, असं ठरलं.

तिच्यासमोर कॅप्सूल गिळली आणि लिहायला बसलो. आग उतरते आहे. डोळे जड होताहेत, ओळी तिरक्या होत चालल्या आहेत. दुखणं अनावर झालं की तू माहेरच्या गावाचं नाव घेऊन रडायचीस. खालापूरच्या पुढचं, ओढ्याकाठचं गाव. ते नाव इथे लिहावं म्हणून मघापासून थांबलो आहे. आठवत नाही, आई. आणि तुझ्या सुनेला विचारायचा धीर होत नाही.