आधी सांग, मग पाना काढ

मास्तर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हा आता तुमच्याशी भांडायला हरकत नाही.

तुरुंगाच्या आवारात एक जुनं ऑइल इंजिन आणून तुम्ही आम्हा कैद्यांना ते खोलायला-जोडायला शिकवलंत. नवं राज्य झालं होतं, बैलांच्या मोटा सुटत होत्या, विहिरीविहिरींवर इंजिनं बसत होती. सुटल्यावर यावर पोट भरेल, हे तुमचं म्हणणं मला पटलं. पण एक दिवस तुम्ही डोक्याला पंचा गुंडाळून, शेतमालक होऊन उलट्या डब्यावर बसता आणि मला समोर उभं करता. "कोण रे तू? कुठून आला?" मी म्हणतो, देऊळघाटचा मिस्त्री. "त्याच्या आधी कुठं होता?" मी वळून पाना उचलतो. बाकीचे खो-खो हसतात. "हात शिकले तुहे, तोंड नाही शिकलं," तुम्ही म्हणालात. "जेलातून आलो हे आधी सांग, मंग पाना काढ. मागून समजलं त इंजिन राहीन जागेवर, तुले हाकलतीन." मग रोज तेच घोटून घेतलंत.

सुटल्यावर तुमचं ऐकलं आणि दोन दारं तोंडावर बंद झाली. तुम्हाला मनसोक्त शिव्या दिल्या. आता खोटंच बोलायचं ठरवून उंद्रीला एका बाईच्या मळ्यात गेलो. तिचं इंजिन बंद पडलं होतं. "कुठून आला?" तिनं विचारलं आणि घोटलेलं वाक्य तोंडातून निघून गेलं.

"काऊन गेलता जेलात?"

"शेताच्या धुऱ्याच्या भांडणात चुलतभावाचं डोकं फोडलं."

"मेला?"

"नाही."

"मंग ये. माहा गहू सुकून राह्यला."

डिझेलच्या नळीत हवा धरली होती, दुसरं काही नाही. हवा काढली, हँडल मारलं, इंजिनानं धूर सोडला आणि पाणी पाटात उतरलं. बाई पाण्याकडे बघत राहिली, मी तिच्याकडे. माझ्यामुळे कुणाला आनंद झालेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तुमचं बरोबर होतं, मास्तर. तिनंच मग शेजारच्या मळ्यांत माझं नाव सांगितलं, तेही सगळ्या इतिहासासकट. आज खामगावात माझं दुकान आहे. सुटून आलेल्या माणसांना मी कामाला घेतो आणि गिऱ्हाइकाकडे धाडण्याआधी खुर्चीत ऐटीत बसून विचारतो, "कोण रे तू?" तुमच्याइतकं सोंग मला जमत नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून बायकोलाही न सांगितलेलं एक सांगतो. त्या बाईनं मला जेवू घातलं. पोट गच्च भरलं होतं, तरी मी आणखी एक भाकर मागितली आणि तिनं बोलता बोलता वाढलीही. तुरुंगात भाकर मोजून मिळायची. बाहेर मागितली तर मिळते का, एवढंच मला पाहायचं होतं.