किलोमागे साठ

१ सप्टेंबर, रविवार

पंधरा हजारांचा चेक स्वीकारायला आज आलेला खर्च: मांडव आणि खुर्च्या साडेतीन हजार. बॅनर अठराशे. पाहुण्यांच्या शाली-श्रीफळं चोवीसशे. सन्मानचिन्हं सोळाशे. फोटोत धरायला दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक – नऊशे! नाश्ता माझ्या दुकानाचा म्हणून तो कुणी धरलाच नाही. चार हजारांचा होता. म्हणजे कामकरी बायांच्या पोरांच्या आमच्या ‘अंगण’ बालवाडीला खरे मिळाले आठशे रुपये. त्यासाठी अंधेरीच्या कंपनीचे तीन साहेब, दोन तास भाषणं, आणि पोरं पहिल्या रांगेत गळ्यापर्यंत बटणं लावून घामाघूम.

मंचावर साहेब भाषणात म्हणाले, यंदापासून आमचा भर पाण्यावर. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. अर्थ खाली उतरल्यावर कळला – दर महिन्याचे ताईंच्या पगाराचे पैसे बंद. हे पंधरा हजार म्हणजे निरोपाचा विडा.

३ सप्टेंबर, मंगळवार

कांदिवलीला अंगणात जाऊन आलो. ते चालवणाऱ्या इरावतीबाई एकट्याच बसल्या होत्या. पस्तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई, आवाज अजून वर्गातलाच. म्हणाल्या, दोन्ही ताईंचे पगार दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पुरतील. नंतर सकाळची तुकडी मी एकटी चालवीन, संध्याकाळची बंद.

संध्याकाळची म्हणजे धाकटी पोरं. आया घरकामं आटपून सातला येतात, तोवर ती इथे जेवतात, झोपतात, भांडतात. त्यातली प्रांजल चार वर्षांची. तिची आई शकु पूर्वी तिला खोलीत ठेवून बाहेरून कडी लावून कामाला जायची. दुसरं करणार काय? बाई म्हणाल्या, “गावडे, संध्याकाळ बंद झाली की ती कडी परत लागणार.”

मी म्हटलं, बाई, दोन ताई, सहा महिने, एक लाख चव्वेचाळीस हजार – आणतो. लवू गावडे आणतो.

बोलून बसलो. घरी येईपर्यंत छाती फुगलेली होती. जिना चढताना उतरली.

१२ सप्टेंबर, गुरुवार

सापडलं!!

गौरी आजच बोळवल्या. दुकानात गर्दी नव्हती. काउंटरला मधुवंतीकाकू आणि त्यांची नणंद. मी पोळ्या मोजतोय असं दाखवत होतो. बायको, प्रेमा, म्हणते तुमचे कान गिऱ्हाइकाच्या पिशवीत असतात – असतात! काकू नणंदेला सांगत होत्या, लेकाला टोरांटोला फराळ पाठवायचा तर फराळापेक्षा कुरिअर महाग, शिवाय स्टेशनपर्यंत डबे वाहून न्या, तिथे रांग, तिथे तो मेला पुन्हा वजन करणार. नणंद म्हणाली, आमच्या बिल्डिंगमध्ये अकरा जणांची पोरं बाहेर आहेत. सगळ्यांची हीच रड.

अकरा! एका बिल्डिंगमध्ये! बोरिवलीत बिल्डिंगा किती?

लोकांकडे देणगी मागू नये. लोक जे पैसे नाहीतरी खर्च करणारच आहेत, त्यांच्या वाटेत अंगणाला उभं करावं. कुरिअरवाल्याशी भागीदारी. डबे माझ्या दुकानात आणा, बांधून आम्ही देऊ, पाठवणार तो, आणि दर किलोमागे काही रुपये अंगणाला. गिऱ्हाइकाला एक पैसा जास्त नाही. कुरिअरवाल्याला गठ्ठ्याने माल. कुणाचंच नुकसान नाही!

प्रेमाला सांगितलं. ती म्हणाली, “एवढे उडू नकात. कुरिअरवालो कोण?”

१३ सप्टेंबर

कुरिअरवाला सापडला. मुलुंडचे धवलभाई. परदेशी पार्सलांचंच काम, वसईपर्यंत पाट्या. माझं एक जुनं गिऱ्हाईक म्हणजे त्यांचा साडू. फोनवर आवाज गोड. भेटू म्हणाले, पण सोळा दिवस श्राद्धांचे येतायत, तेव्हा नवीन काम नको, पहिल्या नोरत्याला, म्हणजे घटस्थापनेला, या.

मलाही पटलं. पितृपंधरवड्यात मी नवा झारासुद्धा घेत नाही.

२५ सप्टेंबर, बुधवार

कावळे खुशीत, मी नाही. बाकी सगळे कुरिअरवाले दिवाळीच्या जाहिराती लावून बसलेत आणि आम्ही तिथी मोजतोय. प्रेमाने विचारलं, दुसऱ्या कुणाकडे भाव काढलात का? म्हटलं, पक्षात बोलणी नकोत. ती म्हणाली, बोलणी नकोत, विचारायला काय झालं? म्हटलं, सुरुवात शुभ व्हायला हवी.

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना

झकास! झकास! झकास!

सकाळी घट बसवला आणि थेट मुलुंड. धवलभाईंचं ऑफिस चहाच्या टपरीएवढं, पण फोन चार. अंगणाचं सगळं सांगितलं. प्रांजलचंही सांगितलं, कडीचंही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं – खोटं नाही, मला खोटं पाणी ओळखता येतं. मी हात जोडून म्हटलं, भाई, पोरांसाठी काय द्याल?

“पुण्याचं काम आहे, लवूशेठ. तुमी आलात तर किलोला चालीस देऊ.”

चाळीस! मी चहाचा कप खाली ठेवला. गप्प बसलो. धंद्यात गप्प बसणं मला वडिलांनी शिकवलं – गिरणीत बोनसच्या बोलणीला युनियनबरोबर ते जायचे, म्हणायचे, पयलो बोललो तो मेलो. मी छताकडे बघत राहिलो. धवलभाई पेन फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, चला, पचास. मी म्हटलं, माझी बायको विचारील किती, तर पन्नास सांगायची लाज वाटेल. हसले. साठ!

दहा मिनिटांत चाळीसचे साठ! गुजराती माणसाकडून! पहिल्या माळेला! बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत हे दुसऱ्या कुणाला जमत असेल तर मी दुकान त्याच्या नावावर करीन.

एकच अट घातली त्यांनी – बॅनरवर पोरांचे फोटो. हो म्हणून आलो.

४ ऑक्टोबर

इरावतीबाईंनी झापलं. “पोरांचे चेहरे कुरिअरच्या पाटीवर? तुमच्या नातवाचा लावाल?” नातू नाही मला, पण मुद्दा कळला. मुलुंडला फोन केला, मनाची तयारी करून – साठचे पंचेचाळीस होणार. धवलभाई म्हणाले, ठीक आहे, फोटो नको, साठच राहू दे.

बाईंना अभिमानाने सांगितलं. त्या म्हणाल्या, इतक्या लवकर कसा मानला? म्हटलं, बाई, माणूस ओळखता यायला हवा.

९ ऑक्टोबर, बुधवार

दुकानात पाय ठेवायला जागा नाही. आठ सोसायट्या आल्या! चकल्या, कडबोळी, अनारसे, करंज्यांचे डबे, आणि प्रत्येक डब्यावर आईचं अक्षर – ‘आधी हे खा’. माझा फराळ कुणी फारसा घेत नाही, सगळ्यांना आपापल्या हातचाच पाठवायचाय. चालेल! वजन वजनच असतं.

मधुवंतीकाकूंनी दोन किलो चिवडा आणला. मी म्हटलं, काकू, एवढ्या लांब जाणार, अजून काही? त्या विचारात पडल्या. मी म्हटलं, सुनेकडे पोळपाट आहे का? नव्हता. दगडी पोळपाट आला! मागोमाग नणंदेचा लोखंडी खलबत्ता – साडेचार किलो! एकट्या खलबत्त्यात अंगणाचे दोनशे सत्तर रुपये. आता प्रत्येकीला विचारतो, पुरणयंत्र? पाटा-वरवंटा? एक काकू खरंच वरवंटा घेऊन आल्या.

प्रेमा डबे बांधता बांधता म्हणाली, “फराळ पाठवतास की बिऱ्हाड?”

१२ ऑक्टोबर, दसरा

सोनं लुटायला वेळ नाही. बांधतोय.

१४ ऑक्टोबर, सोमवार

शकु संध्याकाळी मदतीला आली, चिकटपट्टी लावायला. पोरीलाही आणलं होतं. प्रांजल वजनकाट्यावर चढून बसली. तेरा किलो. मी म्हटलं, हिला कुठे पाठवायचं? शकु हसली, मग म्हणाली, शेठ, सुट्टीनंतर संध्याकाळचं सुरू राहील ना? मला मालकीणबाईंना सांगायचंय, काम धरू की सोडू.

म्हटलं, धर. लवूशेठ सांगतोय, धर.

२१ ऑक्टोबर, सोमवार

शेवटची गाडी गेली. एकूण बाराशे दहा किलो!! धवलभाई म्हणाले, एका काउंटरवरून एवढा माल आजवर गेला नाही. खरं असणार, त्यांचा आवाज हलला होता.

पैशांत बहात्तर हजार सहाशे. एक लाख चव्वेचाळीसचा अर्धा, थोडा जास्तच. पण पहिल्याच वर्षी! आणि अर्धा ग्लास भरला तर नाचायचं की रडायचं? मी नाचलो. प्रेमाने दार लावून घेतलं.

२८ ऑक्टोबर, सोमवार. वसुबारस

धवलभाई स्वतः चेक घेऊन कांदिवलीला आले. दिवाळीआधी, न मागता – असा माणूस! बाईंनी मांडव घालू दिला नाही, शाल नाही, श्रीफळ नाही. चहा आणि माझ्याकडच्या शंकरपाळ्या. धवलभाईंनी भिंतीशी उभं राहून एक फोटो काढून घेतला, पोरांशिवाय. जाताना मला मिठी मारली, पुढच्या वर्षी डबल करू म्हणाले. मी म्हटलं, साठच्या खाली येणार नाही हां. ते म्हणाले, अरे साठ म्हणजे साठ, तुमच्यापुढे कोण बोलणार.

बाईंनी हिशेब करून सांगितलं – दोन्ही ताई, जानेवारीअखेरपर्यंत. संध्याकाळची तुकडी सुट्टीनंतर उघडणार! पुढचे तीन महिने? “पुढचं पुढे,” असं बाई म्हणाल्या. बाई, आणि ‘पुढचं पुढे’! पस्तीस वर्षांत कुणी ऐकलं नसेल.

शकुला फोन केला. तिने नवीन काम धरलं. तिसरं घर. फेब्रुवारीचं मी बोललो नाही. संक्रांतीला तिळगुळाचं काहीतरी काढू.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

वहीबरोबर धवलभाईंचं कार्डही पूजेत ठेवलं. प्रेमा हसली. हसू दे.

७ नोव्हेंबर, गुरुवार

मालाडला साखरपुड्याच्या ऑर्डरचं बोलायला गेलो होतो. आधारकार्डाच्या कॉपीसाठी झेरॉक्सच्या दुकानात थांबलो. आत धवलभाईंची पाटी. ओळखीचं नाव बघून बरं वाटलं. सहज विचारलं, यात तुम्हाला काय सुटतं?

मुलगा मान वर न करता म्हणाला, “किलोला एकशेवीस. कोणालाही देतात. पाटी लावली की झालं.”