किटालेचं वेळापत्रक, किलिफीची गाडी

किटाले, ९ फेब्रुवारी

चि. नलियाकास मुखवानाचे पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

मोंबासाच्या बसने पार्सल सोडलं आहे. त्यात तुझ्या गाडीसाठी तेलाची गाळणी, हवेची गाळणी, वहिनीने भाजलेली उडती वाळवी आणि देखभालीचं वेळापत्रक आहे. फोनवर सांगायला गेलो की तू हो हो म्हणतेस आणि त्याच वेळी कोंबड्या हाकलत असतेस, म्हणून लिहून पाठवतो.

हायब्रिड म्हणजे एका जुवाला दोन बैल. एक पेट्रोल पिणारा, दुसरा बॅटरीवर पोसलेला. पहिला वाटेत पुष्कळदा झोपतो. मग तेल किती किलोमीटरला बदलायचं? गाडी चालली तेवढ्या, की इंजिन जागं होतं तेवढ्या? हा प्रश्न मला चांगलाच चावला. इथल्या एका मास्तरांकडे तुझ्यासारखीच गाडी आहे. तिच्यात शेजारी बसून आठवडाभर मी इंजिनाची झोप मोजली. मास्तर वैतागले, पण उत्तर मिळालं: झोपलेल्या इंजिनातलंही तेल म्हातारं होतं. तेव्हा पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल ते.

ब्रेक वर्षातून एकदा बघितले तरी पुरे. वेग उतरवायचं बरंचसं काम मोटरच करते, त्यामुळे ब्रेकचे गुटके झिजतच नाहीत. मागच्या सीटच्या उजव्या कडेला एक जाळी आहे. सीटखालची मोठी बॅटरी तिथून पंख्याने गार हवा ओढते. आतली गाळणी सहा महिन्यांनी झटकायची.

गाडीसोबत आलेलं पुस्तक जपानी आहे. त्यातलं एकही अक्षर मला कळत नाही, पण चित्रं आणि आकडे कळतात, आणि किटालेत ते माझ्याइतके कुणाला कळत नाहीत. तेव्हा यात फेरफार करू नकोस.

कळावे. माया आहेच, ती गंजू देऊ नये.

तुझा,
मुखवानादादा

* * *

किलिफी, २७ फेब्रुवारी

ती. मुखवानादादास नलियाकाचा सा. नमस्कार. वि. वि.

पार्सल पोचलं. वाळवीचा डबा उघडताच माझे थोरले दीर काझुंगू दोन पावलं मागे सरले आणि तुमच्याकडे धान्य पिकत नाही का म्हणून विचारू लागले. सासूबाईंनी मात्र मूठभर खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाल्या. वहिनीला सांग.

आता खरं. गाडी आजारी आहे रे. मागच्या सीटखालून पंखा असा हंबरतो की माणसं दचकतात. दोनदा समोर धोक्याचा लाल त्रिकोणी दिवाही लागला. गावातल्या मिस्त्रीने बॉनेट न उघडताच सांगून टाकलं, की मोठी बॅटरी संपली, नवीन घ्या नाहीतर गाडी काढा. काझुंगूंना तेच हवं होतं. माझ्या नवऱ्याने, चारोने, आणि त्यांनी मिळून घेतलेली गाडी, त्यामुळे त्यांचा शब्द चालतो. चारो त्या मोठ्या मासेमारी बोटीवर, एप्रिल संपेपर्यंत येत नाही. मोंबासाचं एक गिऱ्हाईक ईस्टरच्या सोमवारी गाडी बघायला येणार आहे. ती विकून तीनचाकी टुकटुक घ्यायची, असं काझुंगूंचं ठरलंय. म्हणे, बाईमाणसाला गावातल्या गावात बरं.

दादा, टुकटुक घेऊन मी मोंबाशाला कशी जाऊ? मोठ्या इस्पितळात जाणारी माणसं, विमानतळाची गिऱ्हाइकं, सगळी माझ्या गाडीसाठी थांबतात. स्टँडवर पुरुष मला आधी मॅडम म्हणून चिडवायचे, आता लांबचं गिऱ्हाईक आलं की स्वतःच माझ्याकडे धाडतात. ती गाडी गेली तर मी परत मासे सुकवायला.

तुझं वेळापत्रक पाळलंय. गाळणी परवाच झटकली, स्वच्छ निघाली. आणि एक गंमत सांगते, पंखा रोज हंबरत नाही. रविवारी आणि कुठे लग्नाला गेलो की, तेवढाच.

मोठ्यांना नमस्कार. लवकर लिही, माझा जीव टांगलेला आहे.

तुझी,
नलियाका

* * *

किटाले, ६ मार्च

चि. नलियाकास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून जेवण अर्धं सोडलं. काळजीने नव्हे. बॅटरी संपायची असती तर ती रविवार बघून संपली नसती! हे त्या बॉनेट न उघडणाऱ्या मिस्त्रीला सांग. आणि काझुंगूंना माझ्या वतीने नम्रपणे सांग, की थांबा. नम्रपणे हं, तुझ्या पद्धतीने नको.

मला पुढची उत्तरं हवीत. रविवारी किती माणसं बसतात? गाडी उन्हात उभी असते की सावलीत? रस्ता कोणता? डिकीत काय असतं? इतर दिवशी नसलेली अशी कोणती गोष्ट रविवारी गाडीत असते? मोजून, बघून लिही. मला वाटतं असं लिहू नकोस.

कळावे, आणि धीर सोडू नये.

मुखवानादादा

* * *

किलिफी, १९ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारतोस, तर ही घे उत्तरं. रविवारी पाच माणसं. पण बाजाराच्या दिवशीही पाच, वर नारळांची पोती, आणि तरी पंखा गप्प. चर्चबाहेर आंब्याची दाट सावली. रस्ता तोच. डिकी रिकामी.

वेगळ्या गोष्टी दोनच. एक, सासूबाई मागे बसतात. त्यांच्या वजनाबद्दल मी काही लिहिणार नाही, पत्र घरातच लिहिते आहे. दुसरी, त्यांनी विणलेली खोळ. आपल्याकडे सोफ्यावर असते तशी पांढरी, क्रोशाची. त्यांनी गाडीच्या मागच्या सीटसाठी खास विणली, दोन्ही कडांना खाली खोचता येईल अशी. रविवारी आणि लग्नाला ती घालायची, म्हणजे बायकांनी बघावी. सोमवारी घडी करून कपाटात. मी एकदा घालायची विसरले, तर चर्चपर्यंत बोलल्या नाहीत.

आणखी एक. गाडी दोन दिवस उभी राहिली की ब्रेक खरखरतात. चाकावर लाल गंज दिसतो. हेही बॅटरीचंच का?

काझुंगू रोज त्या गिऱ्हाइकाचं नाव काढतात. ईस्टर जवळ येतोय, दादा.

तुझी,
नलियाका

* * *

किटाले, २६ मार्च

चि. नलियाकास अनेक आशीर्वाद. वि. वि.

खोळ निर्दोष आहे. हे मी नुसतं म्हणत नाही. तुझ्या वहिनीचा सोफ्यावरचा क्रोशाचा तुकडा मास्तरांच्या गाडीतल्या जाळीवर टाचण्यांनी बसवला आणि भर दुपारी भरल्या गाडीने फिरलो. पंखा शांत. विणकामाला भोकंच भोकं असतात, हवा खुशाल जाते. तुकड्यावर तेलाचे डाग पडले, त्याबद्दल घरी ऐकून घेतोय. तेव्हा सासूबाईंना दुखवू नकोस.

पण मग आहे तरी काय? तीन दिवस हाच विचार. एक कर. रविवारी गाडी चालू असताना पातळ कागदाची पट्टी जाळीवर धर. हवा ओढली जात असेल तर चिकटेल. नाही चिकटली तर पंखा किंवा त्याची नळी.

ब्रेकचं मात्र माझं चुकलं. मी किटालेच्या कोरड्या हवेत बसून लिहिलं. तिकडे समुद्राची खारी हवा, आणि मोटरच गाडी आवरते म्हणून ब्रेक बसून राहतात. न वापरलेल्या ब्रेकला गंज धरतोच. वर्षातून एकदा नव्हे, वरचेवर गोड्या पाण्याने धुवायचे, मग गाडी हळू चालवत चार-पाचदा जोरात दाबायचे.

कळावे. कागद पातळ घे, वहीचा नको.

मुखवानादादा

* * *

किलिफी, ईस्टरनंतरचा बुधवार

ती. मुखवानादादास सा. नमस्कार. वि. वि.

सावकाश बस आणि वाच.

ईस्टरच्या रविवारी चर्चहून येताना पंखा हंबरला. मी गाडी बाजूला घेतली आणि मागे जाऊन कागद धरला. सासूबाईंनी विचारलं, हे काय चाललंय, गाडीला औषध देतेस का. मी म्हटलं, दादाने सांगितलंय, गाडी श्वास घेते का बघायला. तेवढं ऐकलं आणि त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला. त्यांना अशा गोष्टींचं भारी कुतूहल, पण मिस्त्री पुरुषांशीच बोलतो ना. खोळीवर धरला, कागद गळून पडला. खोळ उचलून नुसत्या जाळीवर धरला, चप्पकन चिकटला. परत खोळीवर, पडला. असं पाच-सहा वेळा. मागे टुकटुकवाले ओरडत होते, त्यांना म्हणाल्या, थांबा रे, काम चाललंय.

मग स्वतःच खोळ उलटली. दादा, आतून प्लास्टिक! चारो मासे घेऊन येतो, पाणी गळतं, म्हणून त्यांनी यंदा जानेवारीत तांदळाच्या पोत्याच्या आतली पांढरी पिशवी फाडून बारीक टाक्यांनी शिवली होती. इतकी सफाईदार की मला आजवर कळलं नाही. मग मलाच बोलल्या, की गाडीला नाक आहे हे कुणी सांगितलं नाही, आणि मी दर रविवारी त्यावर उशी दाबून बसते! घरी जाऊन कात्री घेतली. मी नको नको म्हणत होते. जाळीएवढा तुकडा कापला आणि रात्री भोकाभोवती विणून नक्षीची किनार काढली. आता बायका विचारतात, ही नवी तऱ्हा कुठली.

सोमवारी गिऱ्हाईक आलं. सासूबाईंनी आधी काझुंगूंना मागे बसवलं, त्यांच्याशेजारी स्वतः, पुढे-मागे सगळी मिळून पाच, भर दुपारी ताकाउंगू गावापर्यंत नेलं आणि परत आणलं. खोळ घातलेली. पंखा गप्प, त्रिकोण नाही. काझुंगू म्हणाले, आज नाही बिघडली, उद्या बिघडेल. सहा महिन्यांनी गाळणी बघायची लक्षात कोण ठेवणार, नलियाकाला भाड्यांतून फुरसत नसते. सासूबाईंनी तुझं वेळापत्रक मागवलं. मी वाचून दाखवलं. पाच हजार किलोमीटर ऐकून म्हणाल्या, तो आकडा गाडीच्या पोटात असतो, तो मला दिसत नाही. चंद्र दिसतो. या घरातल्या बोटी चंद्रावरच निघतात. दर नव्या चंद्राला जाळी मी झटकणार, ब्रेक नलियाका धुणार. आणि ज्याला गाडी विकायची त्याने माझी खोळही विकत घ्यावी, मी ती विकणार नाही.

गिऱ्हाइकाने सोडा घेतला आणि ते निघून गेलं. काझुंगूंनी त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं होतं. आज सकाळी मोंबाशाला सोडतेस का म्हणून विचारलं. मी सोडलं. भाडं घेतलं नाही, पण मागेच बसवलं.

वहिनीला नमस्कार, आणि त्या तुकड्यासाठी सासूबाई नवा विणून देणार आहेत. तुमची कृपादृष्टी असू द्यावी.

तुझी,
नलियाका

* * *

किटाले, ५ मे

चि. नलियाकास आणि तुझ्या सासूबाईंस माझे अनुक्रमे आशीर्वाद आणि साष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र गॅरेजमध्ये मोठ्याने वाचलं. मास्तरही होते.

अस्तराचा प्रश्न मी विचारायला हवा होता. कापड म्हटलं की त्याची दुसरी बाजूही असते. असो. नवं वेळापत्रक सोबत पाठवतो. तेल पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने, यात चंद्र चालणार नाही. पण जाळी आणि ब्रेक या दोन ओळींपुढचे महिने आणि वर्ष खोडून मी नवा चंद्र असं लिहिलं आहे. जपानी पुस्तकात असा आकडा नाही, मी तीनदा शोधला.

फक्त एक गोष्ट त्यांना विचारून नक्की कळव. नवा चंद्र म्हणजे कोर पहिल्यांदा दिसते तो दिवस, की मुळीच दिसत नाही ती रात्र? दोन्हींत एक-दोन दिवसांचा फरक पडतो, आणि ढगाळ असेल तर काय करायचं तेही लिहायला हवं. तोवर त्यापुढची जागा कोरी ठेवली आहे.

कळावे. उत्तराची वाट पाहतो.

मुखवानादादा