त्या दिवशी पुढारी भिंगरी होती

दि. ४ मे

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

भिंगरीचा ताप उतरला. तुम्ही चौकशी करण्याआधी मीच कळवते आहे. या सुट्टीत काय, पुढच्याही सुट्टीत तिला तुमच्याबरोबर सहलीला पाठवणार नाही.

आठ वर्षांच्या पोरीला मोहिमेची पुढारी केलंत, इथवर ठीक. पण ती उलट्या दिशेच्या बसमध्ये चढली, तुम्हाला ते दिसत होतं, तरी मुकाट्याने मागोमाग चढलात! का, तर म्हणे पुढाऱ्याला टोकायचं नाही हा तुमचा नियम. तुम्ही शेवटच्या थांब्यावर अवकाळी पावसात भिजून कुडकुडत, फोन बंद, आणि मी इकडे पोलीस चौकीत. वर तिला हसत सांगितलंत, की एक दर्यावर्दी भलत्याच खंडाला लागला आणि मरेपर्यंत चूक कबूल करेना. तुम्ही त्याच्याच घराण्यातल्या दिसता.

लोभ ठेवायचाच तर लांबून ठेवावा.

आपली भावजय

दि. ९ मे

सौ. वहिनीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं, झोंबलं. संग्रहालयात रोज परक्यांची पोरं माझ्यामागे जुनी गलबतं बघत फिरतात. आपली म्हणावी अशी ती एकच, हे ठाऊक असूनच तुम्ही घाव घातलात.

शेवटच्या थांब्यावर ती रडली नाही. नकाशा उलटा धरला होता हे तिचं तिलाच उमगलं, परतीची बसही तिनेच विचारून शोधली. तुमच्या घरात तिला स्वतःच्या बुटाची नाडी बांधू देत नाहीत! लांबच्या सफरीत खलाशांच्या हिरड्या सडायच्या, त्या वादळाने नव्हे, ताजं फळ न मिळाल्याने. तुम्ही पोरीला जपताय की वाळवताय, एकदा बघा.

तिला पाठवा. हवं तर हात जोडते.

राग ओसरला की दोन ओळी लिहाव्या.

तिची आत्या

दि. २ जून

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

नाडीवरचं बोलणं जिव्हारी लागलं. म्हणून एका रविवारी भिंगरीला पुढे घातलं आणि मी मागे राहिले. तिने मला बाजाराऐवजी गोदामांच्या गल्लीत नेलं. दोनदा शब्द ओठांवर आले, गिळले. मग ती थांबली, नकाशा फिरवला आणि वाट काढली. एवढ्या ऐटीत चालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. तुमचं खरं होतं. लिहिताना हात जड होतोय, पण खरं होतं.

आता दर रविवारी आम्ही दोघी निघतो. मध्यंतरी तिने विचारलं, आत्या कधी येणार. आता आई येते ना, म्हटलं. त्यानंतर तिने विचारलं नाही. तेव्हा तुम्ही यायची तसदी घेऊ नये.

आशीर्वाद असावा. तो पोस्टानेही पोचतो.

आपली भावजय