धक्क्यावरची बदकं

अप्पा, तुमच्या धक्क्यावर बदकं अजून आहेत. तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली, तापीतल्या लाकडी नावा गेल्या, मोटरबोटी आल्या, तुमच्या जागी दुसरा चौकीदार बसतो. बदकं मात्र वाढली. कुणीतरी पाळून सोडून दिलेल्यांची ही पिलावळ, तुमच्या भाषेत बेवारशी. दर रविवारी मी बमरोलीहून येते आणि पायऱ्यांवर बसून त्यांना पाहते, मुद्दाम, तुम्हाला झोंबावं म्हणून. माद्या कलकलाट करतात, नरांचा आवाज घोगरा, जेमतेम ऐकू येणारा. झोपताना कडेचं बदक एक डोळा उघडा ठेवतं. हे मी नऊ वर्षांची असताना इथेच शिकले, आणि तुम्ही मागून ओरडायचात, "तठे काय देखी ऱ्हायनी? भाकर देतीन का त्या तुले?"

उलट्या घातलेल्या एका नावेखाली एक मातकट मादी महिनाभर अंड्यांवर बसली होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी शेवटी अंड्याला कान लावला की आत टकटक ऐकू यायची. त्या सकाळी तुम्ही माझ्या केसांवरून हात फिरवलात, कधी नव्हे तो. "बेटा, ती कोठे बशेल शे? माले दखाड ना." मी तुमचं बोट धरून घेऊन गेले. तुम्ही नाव उचललीत, अंडी बादलीत भरलीत आणि एकेक करून नदीत फेकलीत. साहेब पाहणीला येणार होते, त्यांना घाण दिसायला नको होती. मी रडले तर म्हणालात, "रडस काय? तूच दखाडं ना." ती मादी तीन दिवस नावेभोवती ओरडत फिरली. तुम्ही संध्याकाळी माझ्यासाठी घारी आणलीत, तुपात घोळवलेली ती माव्याची मिठाई. मी बोटं चाटत ती खाल्ली. त्याचाही सूड तुमच्यावरच उगवायचं मी ठरवलं.

वाट पाहावी लागली. तुमच्या आजारपणात मी सगळं केलं, लोक लेकीचं कौतुक करत होते. दहाव्याला काकांनी याच काठावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. काका म्हणाले, "एकुलती एक शेस तू. पुढे हो, त्याची काय इच्छा राहिली असेल ती बोल." मी पुढे जाऊन हात जोडून उभी राहिले. तुमची इच्छा मला ठाऊक होती. माझ्या अस्थी या नदीपासून लांब, गावी न्या, असं तुम्ही मलाच सांगितलं होतंत. मी तोंड उघडलं नाही. मग धक्क्याखालून पाच-सहा बदकं डुलत आली आणि भात खाऊ लागली. मी हाकललं नाही. आत्या तोंडाला पदर लावून रडायला लागली. गुरुजींनी उरल्या शितांना दर्भाचा कावळा टेकवला.

हे पत्र काकांनाही दाखवणार नाही. त्यांना वाटतं, त्या दिवशी कावळा फिरकलाच नाही. बदकांच्या आधी एक आला होता, अप्पा. पिंडापासून हातभर अंतरावर बसला, माझ्या आडून कुणाला दिसला नाही. मी ओढणी झटकून त्याला उडवून लावलं. पण तो खाली उतरला तेव्हा, क्षणभरच, मला बरं वाटलं होतं.