आईला टाइप केलेलं कार्ड

१ जानेवारी १९७९, सोमवार
नव्या वर्षाचा संकल्प एकच. दर रविवारी वडनेरला आईकडे जाणे. दिवाळीलाही गेलो नाही, हे बरं झालं नाही. पण यंत्र तेव्हा ऐन रंगात आलं होतं. भंगारातला इंग्रजी टाइपरायटर, त्यावर कानशीने घासून बसवलेली मराठी अक्षरं. अख्ख्या वर्ध्यात असं दुसरं यंत्र नाही. बायको नलू म्हणते, कोणाले लागतही नाई.

७ जानेवारी, रविवार
गेलो नाही. वेलांटीचा दांडा अडकत होता. त्याऐवजी आईला कार्ड टाइप केलं. सहा ओळी, साडेतीन तास. नलू म्हणाली, एवढ्यात तुम्ही हिंगणघाटची एसटी धरून वडनेरले जाऊन जेवले असते. बायकोला संशोधनातलं कळत नाही.
आईला वाचता येत नाही, पण लक्ष्मणराव गुरुजी वाचून दाखवतात. छापील पत्र येणारी वडनेरातली ती पहिलीच म्हातारी असेल. मुलाने आईसाठी आणखी काय करावं? हे वाक्य लिहायला नको होतं. शाईने लिहिलंय, राहू दे.

११ जानेवारी, गुरुवार
धाकट्या किसनचं पत्र. छापील कारड आईनं देव्हाऱ्यात ठेवलं. रोज विचारते, संक्रांतीले येते का महादेव.
येणार. नक्की.

१३ जानेवारी, शनिवार
कार्ड हलू नये म्हणून यंत्राला सायकलच्या कॅरिअरची स्प्रिंग बसवली. पकड अप्रतिम! ही सोडून उद्या गावाला जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. आईला टाइप केलं : 'संक्रांतीला येता येत नाही. पुढच्या रविवारी नक्की. तुझा महादेव.' कार्ड ओढलं, तर वरचा कोपरा स्प्रिंगमध्येच राहिला.
मयतीच्या कार्डाचा कोपरा फाडतात, हे मला माहीत आहे. पण ती हाताने लिहिलेली असतात. आई फरक ओळखेल. शिवाय नवं कार्ड म्हणजे पुन्हा साडेतीन तास, आणि डाक चारला निघते. पेटीत टाकलं. घरी येताना दोनदा थांबलो. पण पेटीतून कार्ड परत कसं काढणार?

१४ जानेवारी, रविवार
तिळगूळ. नलूने सासूबद्दल विचारलं, आत्याबाईले काय कळवलं? मजकूर सांगितला. कोपऱ्याचं सांगितलं नाही. लाडू अर्धाच खाऊन ठेवला. गूळ कडक असावा.

१६ जानेवारी, मंगळवार, सकाळी ११
यंत्रासाठी रजा टाकली होती. दारात किसन. मागे गावचे दोघं, एकाच्या काखेत कोरं पांढरं कापड. मला पाहून किसन ओट्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग उठून पाठीत असा गुद्दा घातला की अजून ठणकतंय. धाकटा भाऊ असून!
म्हणाला, भाऊ, पोस्टमननं कारड देल्लं, आईनं कोपरा पाह्यला, न् वाचायले नेलंच नाई. असं कारड घरात ठेवत नाईत, म्हणून अंगणातच फाडलं. गुरुजी लेकीकडे गेलते. मी वावरातून येऊन वाऱ्यातून उरलेले तुकडे वेचले, तं एकावर तुझं नाव, तूच गेला असं वाटलं. आईनं लुगड्यासकट विहिरीवर आंघोळ केली, घागरीवर घागर, थंड्या पाण्यानं. आता तापानं फणफणून राह्यली.
नलूने माझ्याकडे पाहिलं. मग माझी पिशवी भरायला घेतली.

त्याच दिवशी, वडनेर
आई चटईवर. डोळे उघडून माझं तोंड चाचपत राहिली, कान, नाक, सगळं. मी रडलो. मुलगा जिवंत असून आईने त्याच्या नावाने आंघोळ केली, ती माझ्यामुळे. याला सबब नाही. शोधली, सापडली नाही.
आईला म्हटलं, यंत्राची चूक झाली. तर ती म्हणाली, चुकलं कुठी बापू? सात महिन्यानं आला तू. असं येनं होते तं फाटकंच कारड धाडत जाजो.
संध्याकाळच्या एसटीने परतलो. ती म्हणत होती, राह्य. पण रजा एकाच दिवसाची होती. रविवारी येतो म्हणालो. देवाशपथ म्हणालो.

२१ जानेवारी, रविवार
किसनचा निरोप आला, ताप उतरला. म्हणजे आता तशी घाई नाही.
सकाळी स्प्रिंग बदलली. कार्ड अखंड निघालं. वेळही तीन तासांवर आला. मजकूर : 'काम निघालं, आज जमत नाही. पुढच्या रविवारी नक्की.' टाकून आलो.
गुरुजी अजून लेकीकडेच आहेत. किसन रात्री उशिरापर्यंत वावरात. आई कार्डाचे चारही कोपरे चाचपून पाहील, देव्हाऱ्यात ठेवील, आणि मी येतोय असंच त्यात लिहिलं असणार, असं धरून चालेल.